किरकोळ काम बाकी

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, वृत्तपत्रांतून तिचे मृत्युलेख प्रसिद्ध झाले, आणि जिचे दार लावण्यासाठी एकेकाळी आपण बाहूंचे सर्व सामर्थ्य वेचीत असू त्या मोटारीविषयी अखिल महाराष्ट्राला एकाएकी उमाळा दाटून आला. त्याचे लोण मराठवाड्यात पोहोचावयास विलंब लागला नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली अशीच एक पद्मिनी नांदेडच्या वजिराबादेत आमच्या एका स्नेह्यांच्या अंगणात विटांवर आरूढ झालेली असून, जीर्णोद्धाराचा संकल्प यथासांग मोडल्यानंतर तिची जाहिरात झाली आहे : 'अस्सल पद्मिनी. नव्वद टक्के काम पूर्ण. किरकोळ काम बाकी. वेळेअभावी विकणे आहे. हौशी माणसानेच भेटावे.'

किरकोळ कामाची मोजदाद आम्ही समक्ष केली. तीत इंजिन (हे सोयाबीनच्या पोत्यात सुटे आहे), ब्रेक, वायरिंग, मागची काच आणि मूळ मालकाचे वारस हुडकून करावयाचे दस्तऐवज, एवढ्याच बाबी येतात; पूर्ण झालेल्या नव्वद टक्क्यांत एका मडगार्डाचा रंग, गाद्यांची कव्हरे आणि मुहूर्ताचा नारळ यांचा अंतर्भाव होतो. ज्या जिल्ह्याने वर्धा–यवतमाळ–नांदेड लोहमार्गाची वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याला टक्केवारीची ही परिभाषा समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही.

किमतीचे शास्त्र मात्र स्वतंत्र आहे. नांदेडहून लातूरकडे जाताना लोहा तालुक्यात माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. तेथे घोड्याचा सौदा होताना घेणारा जनावराचे तोंड उघडून दात पाहतो, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, आणि त्या घोड्याने आजवर किती कडबा खाल्ला याचा हिशेब कोणताही शहाणा विक्रेता गिऱ्हाइकाच्या माथी मारीत नाही. आमच्या स्नेह्यांनी नेमका कडब्याचाच हिशेब मांडला आहे. कुर्ल्याच्या भंगार बाजाराचे हेलपाटे, तेथील मुक्काम, फसलेला कार्ब्युरेटर, पळालेल्या पेंटरची उचल, या सर्वांची बेरीज म्हणजे मोटारीची रास्त किंमत, असे त्यांचे प्रांजळ मत आहे. म्हणजे मोटार जितकी अधिक बिघडविली तितकी ती महाग.

कायद्याचा आधारही त्यांनी शोधला. २०२१ च्या केंद्रीय नियमान्वये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप न पालटलेल्या मोटारीस २०,००० रुपये भरून 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. तिला प्रदर्शनास, शर्यतवजा मिरवणुकीस, दुरुस्तीस आणि इंधन भरावयास रस्त्यावर येता येते, नित्य वापर तेवढा वर्ज्य. ही शेवटची अट आमच्या स्नेह्यांची मोटार आजवर इतक्या निष्ठेने पाळीत आली आहे की, त्याबद्दल फी माफ व्हावयास हरकत नसावी.

अखेर लातूरहून, औसा रस्त्यावरील एक गृहस्थ आपल्या मिस्त्रीसह आले. मिस्त्रीने दारावर टिचकी मारली, कान लावला, आणि 'आप्पा, पत्र्यापरीस लांबीच जास्त हाय बगा हिच्यात,' असा निवाडा दिला. आप्पांना त्याचा विषाद वाटला नाही. त्यांच्या घरीही एक पद्मिनी किरकोळ कामासाठी खोळंबली होती आणि त्यांना हवी होती केवळ चार दारे व डिकीचे झाकण. दारे सुटी विकण्याच्या कल्पनेने आमचे स्नेही कमालीचे संतप्त झाले, शब्दाने शब्द वाढला, मग चहा आला, चहामागून पावत्यांची फाईल आली, तशी आप्पांनीही पिशवीतून आपली फाईल काढली. दोन्ही बेरजा शेजारी-शेजारी ठेवल्यावर उभयतांच्या ध्यानी आले की, आप्पांची रक्कम दीडपट भरते, आणि एवढी मौल्यवान वस्तू परक्याच्या हाती जाऊ देणे आमच्या स्नेह्यांना प्रशस्त वाटेना. सबब इसार त्यांनीच दिला असून लातूरची मोटार येत्या आठवड्यात टेम्पोत चढणार आहे. मिस्त्रीने दलाली दोन्हीकडून घेतली.