समुद्रवाले गुरुजी

महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. त्यातला वीतभरही गोंदिया जिल्ह्याच्या वाट्याला आलेला नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळं होताना आम्हाला धान मिळालं, तलाव मिळाले, राईस मिल मिळाल्या, सारस मिळाले. समुद्र कोणी मागितलाच नाही. ती उणीव गुरुजींनी एकट्यानं भरून काढली आहे.

गुरुजी भूगोलाचे, आता निवृत्त. निवृत्तीनंतर कोणी देवस्थानाची समिती धरतो, कोणी सहकारी सोसायटी. गुरुजींनी अरबी समुद्रातले देवमासे आणि डॉल्फिन हे खातं आपल्याकडे घेतलं. असा एक माणूस प्रत्येक गावात असतोच. कुठे तो युरोपातल्या राजघराण्यांचा जाणकार असतो, कुठे अणुभट्ट्यांचा. विषय जितका लांबचा, तितका माणूस निर्धास्त. धानावरच्या तुडतुड्यांबद्दल गुरुजी तोंड उघडत नाहीत, कारण तिथे पारावर बसलेला प्रत्येक जण तज्ज्ञ. निळ्या देवमाशाबद्दल त्यांना कोण अडवणार?

देवमाशांवर बोलताना त्यांची भाषा पाठ्यपुस्तकातली होते, चहा मागताना पुन्हा झाडीपट्टीची. “निळा देवमासा तीस मीटरपर्यंत वाढतो. विदर्भ एक्स्प्रेसच्या एका डब्यात तो मावणार नाही, शेपूट शेजारच्या डब्यात जाईल,” असं ते टपरीवर जाहीर करतात. टपरीवाला कप विसळता विसळता विचारतो, “मंग रिझर्वेशन दोन सीटचं करावं लागन का, गुरुजी?”

नकाशानं मात्र त्यांची एक पंचाईत करून ठेवली आहे. गोंदियाला जवळचा समुद्र अरबी नव्हे, बंगालचा उपसागर. आमच्या वैनगंगेचं पाणीसुद्धा प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून तिकडेच जातं. कॉलेजातल्या एका पोरानं हे चारचौघांत काढलं, तेव्हा गुरुजी क्षणभरही डगमगले नाहीत. म्हणाले, “पाणी जाते तिकडे जाऊ दे. जिल्हा महाराष्ट्रात हाये ना? मंग आपले देवमासे मुंबईकडचेच.”

विदर्भ एक्स्प्रेस इथूनच सुटते आणि थेट मुंबईला जाते, पण गुरुजी अजून तिच्यात चढलेले नाहीत. त्यामागेही विचार आहे. तारकर्लीचा होडीवाला पैसे घेऊन दाखवणार काय, तर पाठीचा एक तुकडा. तोही बहुधा कुबडवाल्या डॉल्फिनचा, कारण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तोच फिरतो. पाठीवर पर नसलेला बुटका पॉरपॉइज दिसला तरी कोणाला कळणार नाही, आणि ब्राइड्स देवमासा कोणाच्या सहलीची वेळ बघून वर येत नाही. “तिथं गेलेल्याले तुकडा दिसते,” गुरुजी म्हणतात, “मले इथं बसून अख्खा दिसते.”

सगळ्यात जास्त जीव त्यांचा लुबानवर. जगातले बाकीचे हंपबॅक देवमासे खायला थंड समुद्रात आणि विणीला उष्ण समुद्रात अशी दरवर्षी हजारो किलोमीटरची वारी करतात. अरबी समुद्रातले मात्र बाराही महिने इथेच. सुमारे सत्तर हजार वर्षं भाऊबंदांपासून तुटलेले, आणि ओमानच्या बाजूला शंभराच्या आत उरलेले. त्यातल्या लुबान नावाच्या मादीवर २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानमध्ये उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं, आणि डिसेंबरात ती समुद्र ओलांडून केरळच्या किनाऱ्यापर्यंत आली. “कोचीपर्यंत आली. थोडी वर सरकली असती तं सिंधुदुर्ग होता,” ही गुरुजींची तक्रार अजून मिटलेली नाही.

दुसरी तक्रार रशियाबद्दल. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत बोटींनी अरबी समुद्रात बेकायदा शिकार करून २४२ हंपबॅक मारले. त्याचा जाब गुरुजी विडी कामगारांच्या लाल बावट्याच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याला विचारतात. तो बिचारा हजार विड्यांच्या मजुरीबद्दल बोलायला आलेला असतो. “मॉस्कोले पत्र टाकतो,” म्हणून सुटका करून घेतो. पत्र घेणारं तिथे आता कोणी नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. पण मुद्दा नोंदवला गेला पाहिजे.

गुरुजींना खरा विरोध भेटतो तो नवेगावबांधच्या तलावावर, ढिवरांकडून. तिथे त्यांनी एकदा सरकारी योजना समजावून सांगितली: समुद्रात जाळ्यात डॉल्फिन अडकला तर जाळं कापून त्याला सोडायचं, आणि जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यायची. एका ढिवरानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. “गुरुजी, जाळं तं फाटूनच हाये,” तो म्हणाला. “डॉल्फिन तेवढा पाठवून द्या.”

गुरुजींनी विषय शास्त्राकडे वळवला. देवमासा फुप्फुसानं श्वास घेतो, त्यासाठी त्याला पाण्यावर यावंच लागतं.

“आमचा मरळबी वर येऊनच हवा घेते. वर येऊ नाही देल्ला तं मरते.”

“देवमाशाची मादी पिलाला जपते.”

“मरळबी पिलायची राखन करते.”

“दूध पाजतो का तुमचा मरळ?”

“दूध नाही पाजत.”

“मग!” असं म्हणून गुरुजी उठले. जिंकले होते, पण कपाळाला घाम होता.

तेव्हापासून समुद्राची बाजू ते जमिनीवरून लढवतात. जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागात इंडोहायस नावाच्या प्राण्याचे जीवाश्म मिळाले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा, पिसोरी हरणाच्या बांध्याचा. देवमाशांच्या घराण्याचा हा अगदी जवळचा नातलग, असं २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. म्हणजे देवमासे मूळचे जमिनीवरचे. पाण्याच्या आसऱ्यानं राहू लागले आणि तिकडचेच झाले. पोटासाठी हैदराबाद-नागपूर गाठलेल्या आमच्याकडच्या घरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आणि पिसोरी तर आमच्या नागझिऱ्यात आहे! तिचं देवमाशाशी नातं लांबचं, पण नातं ते नातंच. गुरुजींनी वनखात्याला अर्ज देऊन ठेवला आहे, की फाटकावर तशी पाटी लावावी. पाटी लागेपर्यंत ते स्वतःच पाटीचं काम करतात. परवा जंगलातून बाहेर पडताना समोरून आलेल्या गाडीतल्या गृहस्थांनी त्यांना विचारलं, “वाघ दिसला का हो?”

“वाघाचं काय घेऊन बसलात!” गुरुजी म्हणाले. “आज देवमाशाचा चुलतभाऊ दिसला.”

गृहस्थांनी घाईघाईनं कॅमेरा काढला आणि विचारलं, “कुठल्या तलावावर?”