तहनामा दोन खोल्यांचा

वय उताराला लागले म्हणजे मनुष्याच्या गरजा कमी होत जातात, असे शास्त्रकार सांगून गेले आहेत, आणि त्यांच्या या अभिप्रायावर विसंबूनच आमच्या चिरंजीवांनी नारायण पेठेतील वाड्यातला आमचा हिस्सा विकून कोथरुडास तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे बिऱ्हाड करण्याची मसलत आमच्या गळी उतरविली. परंतु गरजांनी रिकामी केलेली जागा छंद बिनदिक्कत बळकावतात, ही गोष्ट शास्त्रकारांच्या ध्यानात आलेली दिसत नाही, कारण ते स्वतः वानप्रस्थाश्रमात अरण्यात राहावयास गेले, आणि अरण्यात चौरस फुटांचा हिशेब कोणी मागत नाही.

माझी सारी हयात जमाबंदीच्या दप्तरात गेलेली असल्यामुळे मी प्रथम चीजवस्तूंची फेरिस्त तयार केली आणि तिच्यात ‘उपयुक्त’ व ‘निरुपयोगी’ अशी दोन सदरे पाडली. पुढे जे घडले ते कोणत्याही सरकारी खात्याला शोभण्यासारखे होते. तांब्याचा बंब, घंगाळ, शिसवी कपाट, धान्याच्या कणग्या अशी दोन पिढ्यांची इमानेइतबारे चाकरी केलेली मंडळी बरतरफ होऊन जुन्या बाजाराच्या वाटेला लागली. आणि ज्यांनी आजवर कोणाचे काडीचे काम केले नव्हते, त्या माझ्या ग्रामोफोनच्या तबकड्या व सौभाग्यवतींच्या गुलाबाच्या कुंड्या मात्र नोकरीत कायम झाल्या.

तबकड्या पाचशे आहेत. दहा इंची तबकडीचे वजन सुमारे दोनशे ग्रॅम, म्हणजे ऐवज एक क्विंटलाचा. आणि एका बाजूवर गाणे जेमतेम तीन मिनिटांचे. चिरंजीवांनी त्रैराशिक मांडून, “बाबा, हे सगळं गाणं तासातासाच्या पन्नास कॅसेटांत मावेल,” असा अहवाल सादर केला. मावेलही, पण तबकडीचा छंद हा गाण्याचा छंद आहे अशी समजूत ज्याने करून घेतली आहे, त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. दर बाजूला नवी सुई लावावी, किल्ली द्यावी, आणि तीन मिनिटांनी पुन्हा उठावे, या व्यायामाची सोय कॅसेटीत कोठे आहे?

शिवाय माझ्या संग्रहातील काही तबकड्या निनावी आहेत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे पाणी वाड्यात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या पेटीतील तबकड्या लाखेच्या असल्याने तरल्या, पण त्यांच्या मधल्या कागदी चकत्या सुटून गेल्या. आता कोणती कोणाची, हे वाजविल्यावाचून कळत नाही. त्यांतल्या अगदी जुन्या असतात त्यांचे बरे. 1902 साली कलकत्त्यास गौहर जानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून 1908 मध्ये तेथे कारखाना निघेपर्यंत तबकड्या जर्मनीत हानोव्हर येथे छापल्या जात, आणि तेथील कारागिरांना गायकाची ओळख पटावी म्हणून गाणे संपताच गायक आपले नाव स्वतःच पुकारीत. पुढील काळातील कलावंतांनी ही शिस्त सोडल्यामुळे मला फार त्रास होतो.

नव्या घरी जागेचा कज्जा उभा राहिला, आणि अखेर उभयपक्षी तह झाला. गॅलरीला पूर्वेचे ऊन असल्याने आणि गुलाबाला पाच-सहा तास ऊन लागत असल्याने (एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाचा हवाला देण्यात आला) ती सबंध कुंड्यांकडे गेली. ओले कपडे कोठे वाळवायचे, हे कलम अद्याप विचाराधीन आहे. मला पलंगाखालचा मुलूख मिळाला. तथापि तबकड्या आडव्या रचल्या तर आपल्याच भाराने वाकतात वा तडकतात. त्या उभ्याच ठेवाव्या लागतात, आणि पलंगाखाली उंची होती आठ इंच. मी चार पायांखाली विटा दिल्या. तबकड्या सुखरूप आत गेल्या, मात्र पलंगावर बसणाऱ्या पाहुण्यांचे पाय लोंबकळू लागले. ते तसेच अधांतरी ठेवून भारदस्त विषयावर बोलणे जमत नसल्याने पाहुणे लवकर उठू लागले, हा लाभ मी अपेक्षिलेला नव्हता.

“अहो, झोपायला जायचं म्हणजे पर्वती चढण्यासारखं झालंय,” सौभाग्यवतींनी तक्रार गुजरली. “आणि पर्वतीला निदान पायऱ्या तरी आहेत!”

अर्ज रास्त होता. मी सुताराकडून दोन पायऱ्यांचे एक भक्कम पोकळ लाकडी खोके करून घेतले, त्याला मागल्या अंगाने दार ठेवविले, आणि आत बारा इंची तबकड्या नेमक्या मावतील अशी मापे, त्या कारणाचा उच्चार न करता, मीच सुताराला दिली. खोके घरी पोहोचले तेव्हा मी पेन्शनीच्या रांगेत होतो. परत येऊन दार उघडून पाहतो तो आत शेणखताचा डबा, हाडांच्या चुऱ्याची पुडी, छाटणीची कात्री आणि नळीचे वेटोळे, सारे शिस्तीने लागलेले. तहनाम्याची प्रत काढून मी पुन्हा वाचली. पायऱ्यांविषयी तीत एक अक्षर नव्हते.