मरळीला मंजुरी नाही

गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडला पडलेला पाऊस वैनगंगेत, तिथून प्राणहितेत आणि शेवटी गोदावरीत जातो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. खोऱ्याचा आराखडा करणाऱ्याला मात्र त्यातले फक्त घनमीटर दिसतात. गोसीखुर्द धरणाचं पाणी सुमारे 426 किलोमीटर दूर बुलढाण्याकडे नेणाऱ्या वैनगंगा-नळगंगा प्रकल्पाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली, कारण इथलं पाणी म्हणे जादा आहे. माशांना विचारण्याची पद्धत नाही; ते पाणीवापर संस्थेचे सभासद नाहीत.

आता गोंदिया-भंडाऱ्याचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव घ्या. कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव 1951 मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले आणि खात्यांनी वाटून घेतले: पाणी सिंचनाचं, मासे मत्स्यव्यवसायाचे, पक्षी वनखात्याचे. काठच्या देवधानाच्या, म्हणजे रानभाताच्या, वाट्याला कुठलंच खातं आलं नाही, म्हणून ते कचरा ठरलं. मरळ ही देशी मासळी घरटं करते ते अशाच उथळ, गवताळ काठाला. गाळ काढायला आलेलं यंत्र गाळाबरोबर तो काठही कापून नेतं. घनमीटर वाढतात, फोटो झकास येतो आणि मोकळ्या जागी बेशरमीचं झुडूप माजतं. यावर साहेबांचं उत्तर तयार असतं: रोहू-कटला जास्त वजन देतात. देतात ना! पण साचलेल्या पाण्यात ते वीण करत नाहीत, म्हणून बीज विकत आणून सोडावं लागतं. मरळ, मागूर बिनपगारी वाढत होते. त्यांना कामावरून काढून रोजंदारीवर पाहुणे लावले, याचं नाव उत्पादनवाढ. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर मच्छीमारांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा देशी मासे परतले. खात्यांनी वेगवेगळ्या फायलींत ठेवलेलं गवत, मासा आणि पोट हे एकच प्रकरण निघालं.

‘आधी धान, मग मासा’ हा आक्षेप मात्र खोटा नाही. धानाला पाणी द्यावंच लागेल. पण शेवटच्या पाळीला तलाव तळापर्यंत उपसला, तर पुढच्या पावसाळ्यात वीण करायला उरणार कोण? खोऱ्याच्या आराखड्यात प्रत्येक बोडी, म्हणजे छोटं तळं, कशी मोजायची, असंही विचारलं जातं. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो; तीच साखळी नदीपर्यंत जाते. तिला वगळून मोजलेलं खोरं कसलं?

तेव्हा आराखड्याच्या पुढच्या मसुद्यात दोनच रकाने वाढवा: उन्हाळ्यात तलावात किती पाणी राखायचं आणि कुठला काठ खणायचा नाही. भरायला सल्लागार कंपनी नको. ढिवर सोसायटीत एक दुपार बसा.