लपवाले हाये काय आपल्यापाशी?

नागपूरजवळच्या वाडी नाक्यावरच्या पानठेल्यावर देशाचं तंत्रज्ञानविषयक धोरण रोज सकाळी ठरतं. दिल्लीला त्याची खबर नसल्यानं तिथे दुसरंच ठरतं, एवढीच काय ती अडचण. तज्ज्ञांची मात्र वानवा नाही. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ट्रान्सपोर्टचं गोदाम आणि चार-सहा ट्रक सांभाळणारे एक भाऊ आहेत. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मोबाईलला काच चिकटवणारा एक पोरगा आहे, त्याला सगळे ‘आयटीवाला’ म्हणतात. आणि खुद्द ठेलेवाला आहे, ज्याचा हात पन्नीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत असतो आणि तोंड सुप्रीम कोर्टाचं कामकाज चालवत असतं.

विषय स्मार्ट मीटरचा असो, चौकातल्या कॅमेऱ्यांचा असो की व्हॉट्सॲपच्या धोरणाचा, चर्चा शेवटी काकांच्या एका वाक्यावर येऊन टेकते: ‘आपल्यापाशी लपवाले हाये काय?’

हे वाक्य काका इकडेतिकडे पाहून घेऊन म्हणतात, कारण डॉक्टरांनी खर्रा बंद करायला सांगितलाय आणि काकू भाजीला याच रस्त्यानं येतात. भाऊंच्या खिशात दोन मोबाईल असतात; घरी नंबर एकाचाच ठाऊक आहे. हिंगण्याकडच्या घरच्यांच्या लेखी आयटीवाला रोज ‘कंपनीत’ जातो. राहिला ठेलेवाला. खर्ऱ्यावर राज्यात बंदी आहे, तेव्हा त्याच्यापाशी लपवण्यासारखं म्हणजे अख्खा ठेलाच. हे चौघं मिळून रोज निर्वाळा देतात की गोपनीयता हे बड्या लोकांचं खूळ आहे.

काकांना कल्पना नाही, पण त्यांच्या मताच्या आसपासचं म्हणणं केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात मांडलं होतं: गोपनीयता हा मूलभूत हक्कच नाही. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की आहे. त्या नऊ जणांत शरद बोबडे होते, आपल्या नागपूरचे. पुढे ते सरन्यायाधीश झाले. हे मी ठेल्यावर सांगितलं तेव्हा सगळ्यांचा ऊर भरून आला. ‘म्हंजे प्रायव्हसी नागपूरनंच देली म्हना ना!’ ठेलेवाला म्हणाला, आणि त्याच आनंदात त्यानं समोरून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाची उधारी, मोबाईल नंबर आणि सासुरवाडी मोठ्यानं सांगून टाकली.

तसं पाहिलं तर वाडीत कुणाचं काही लपून राहत नाही, हे खरंच आहे. दत्तवाडीत कुणाकडे पाहुणे आले, पोरगी पसंत पडली की नाही, गाडीचा हप्ता कितव्या महिन्यापासून थकला, हे संध्याकाळच्या आत आठव्या मैलापर्यंत पोचलेलं असतं. पण तो व्यवहार रोखीचा आहे. ज्याला तुमचं ठाऊक, त्याचं तुम्हाला ठाऊक. शेजारीण तुमच्या सुनेबद्दल बोलली की तिच्या जावयाबद्दल बोलायला तुम्ही मोकळे. फारच झालं तर तिच्या दारात जाऊन भांडता येतं. मीटर, कॅमेरे, व्हॉट्सॲप या नव्या जाणकारांचं तसं नाही. त्यांना आपलं सगळं कळतं, आणि त्यांचं दार कुठल्या गावात आहे हेसुद्धा आपल्याला कळत नाही. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे, आणि ठेल्यावर ते कुणी पूर्ण ऐकून घेत नाही.

परवा नाक्यावर फुटाणे घेतले. पुडी सोडली तर ते कुणाच्या तरी कर्जाच्या अर्जाचं दुसरं पान निघालं. एका बाईचा पासपोर्ट आकाराचा फोटो, अर्ध्या कपाळावर गोल शिक्का. शेजारी आधारचे बारा आकडे, ठसठशीत. ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात एक आकडा लिहून खोडलेला, वर दुसरा, जरासा मोठा. जामीनदाराच्या जागी अंगठा. फुटाण्याचं हळदमीठ तिच्या जन्मतारखेला लागलेलं. कागद कुठून आणतोस, म्हणून विचारलं. ‘रद्दी हाये साहेब. किलोनं भेटते.’ आपल्या माहितीला जगाच्या बाजारात सोन्याचा भाव आहे, असं पेपरात वाचतो. वाडीतला घाऊक दर हा असा आहे, आणि वर फुटाणे मिळतात.

विजेच्या मीटरचं पाहा. स्मार्ट प्रीपेड मीटरला नागपुरात कडाडून विरोध झाला, तेव्हा २०२४ च्या जूनमध्ये देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सामान्य ग्राहकांकडे हे मीटर लावणार नाही. ऊर्जा खातंही तेव्हा त्यांच्याकडेच होतं. पुढे वेळेनुसार दर लावणारे टीओडी मीटर आले. ते प्रीपेड नाहीत, म्हणून शब्द फिरवला असं कुणाला म्हणता येत नाही. स्मार्ट मात्र तेवढेच. तुमच्या घरी कोणत्या वेळी किती वीज जळते, ते मीटर आपणहून वर कळवतं. बदल्यात २०२५ च्या जुलैपासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत. माणसं कामावर गेल्यावर कुलूपबंद घराला सवलत द्यायची, हे ज्याला सुचलं त्याचा नागरी सत्कार व्हायला हवा. काकांची हरकत मात्र वेगळीच होती. ‘मी झोपलो का जागा हाये थे मीटरले समजते, तं मंग लाइन गेली थे काहून नाई समजत? थ्याच्यासाठी अजून मलेच फोन कराव लागते!’ माझं गाऱ्हाणं काकांनी माझ्यापेक्षा नेमकं मांडलं होतं. मांडून ते पुन्हा ‘लपवाले हाये काय’वर गेले.

भाऊंचा धंदा तर चोवीस तास उघड्यावर. ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर हलवायचा तर ई-वे बिल. टोलनाक्यावर फास्टॅग, २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा आणि ई-वे बिलाशी जोडलेला. गाडीत जीपीएस भाऊंनी स्वतःच बसवलेलं. ड्रायव्हरनं कोंढाळीच्या पुढे गाडी उभी केली की भाऊंचा इकडून फोन जातो, ‘काहून थांबला बे?’ लघवीसुद्धा मालकाच्या परवानगीनं. यात ड्रायव्हरच्या खासगीपणाचं काय, असं आयटीवाल्यानं एकदा विचारलं. भाऊ म्हणाले, ‘गाडी माही, डिझेल माहं.’ पुढे एके दिवशी जीएसटी खात्याची नोटीस आली: तुमची अमुक गाडी बिलावर एका रस्त्यानं गेली आणि टोलवर दुसऱ्या रस्त्यानं दिसली. त्या दिवशी भाऊंनी देशात आता हुकूमशाही आल्याचं जाहीर केलं. ड्रायव्हर गाडीआड उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आता एका गोष्टीची चेष्टा करायची माझी छाती नाही. राज्य सरकारनं २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ नावाची कंपनी काढली, पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवण्यासाठी, आणि तिचं बस्तान नागपुरात बसवलं. २०२५ च्या राखीपौर्णिमेला नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारच्या बाजूला एका ट्रकच्या धडकेत दुचाकीवरची बाई गेली. मदतीला कुणी थांबेना, तेव्हा नवऱ्यानं तिचा देह दुचाकीलाच बांधला आणि निघाला. तो व्हिडिओ देशानं पाहिला. ट्रकवर लाल खूण होती, त्यापलीकडे सांगण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं. टोलनाक्यांवरचं चित्रण यंत्रानं चाळलं, आणि दीड दिवसात ट्रक ग्वाल्हेर-कानपूर रस्त्यावर सापडला. ठेल्यावर त्या दिवशी कॅमेऱ्याविरुद्ध बोलणाऱ्याला चहा मिळाला नसता, आणि ते बरोबरच होतं. एवढंच मनात आलं की, त्या माणसाच्या बाजूनं न थांबता निघून गेलेल्या गाड्याही त्याच चित्रणात कुठे ना कुठे असतील. त्या शोधायला कुणी यंत्र लावलं नाही.

लाडक्या बहिणींकडे वळू. २०२४ च्या जूनमध्ये महिन्याला १५०० रुपयांची योजना जाहीर झाली, अर्जांचा पूर आला, निवडणूक झाली. त्यानंतरच्या वर्षी लक्षात आलं की चौदा हजारांवर पुरुषही लाडक्या बहिणी होऊन बसलेत. आधार, बँक खातं, फोटो, मोबाईल, सगळं सरकारजवळ होतं. बाई कोण आणि बाप्या कोण, तेवढं कळायचं राहिलं होतं. मग २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसीचा हुकूम निघाला. बाईचं आधार, शिवाय नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार, आणि दोघांचे ओटीपी. जिला नवरा नाही आणि वडीलही नाहीत तिनं ओटीपी कुठून आणायचा, याचा विचार सवडीनं झाला. मुदत वाढली.

आमच्याकडच्या सेवा केंद्रात त्या दिवसांत पहाटेपासून रांग. आतून ऑपरेटर ओरडतो, ‘मावशी, ओटीपी बोला!’ मावशी मोबाईल लांब धरतात, जवळ धरतात, मग मागच्याला विचारतात, ‘बापू, हा एक हाये का सात?’ बापू वाचून दाखवतो. लांबून ऐकू आलं नाही म्हणून ऑपरेटर पुन्हा विचारतो, आणि आता सहाचे सहा आकडे अख्खी रांग एका सुरात म्हणते, आरतीसारखी. त्या संदेशाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा क्रमांक कुणालाही सांगू नये.

आता कायदा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. नियम निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. हा कायदा मी ठेल्यावर समजावून सांगायला घेतला.

‘आपली माहिती फुटली तं दंड किती?’ भाऊंनी विचारलं.

‘२५० कोटींपर्यंत.’

ठेल्यावर शांतता पसरली. प्रत्येक जण मनातल्या मनात आपला हिस्सा काढत होता. काकांनी तर गळतं घर दुरुस्त करून टाकलं असावं.

‘मंग त्यातले आपल्याले किती?’

‘एक छदाम नाही. दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो.’

‘अन् आपल्यावर काही?’

आहे ना. नागरिकाचीही कर्तव्यं कायद्यात आहेत. खोटी माहिती देऊ नये, उगाच तक्रार करू नये. केली तर दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे चोरी झाल्यास चोराचा दंड सरकारला आणि तक्रार फुसकी ठरल्यास फिर्यादीचा दंडही सरकारलाच. हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे होत नाही.

खरी गंमत तारखांत आहे. कंपन्यांनी तुमची संमती कशी घ्यावी, माहिती फुटली तर तुम्हाला कसं कळवावं, ही कलमं लागू व्हायला दीड वर्षाची सवड. तयारी लागते हो, समजू शकतो. मात्र याच कायद्यातलं ४४(३) कलम नोव्हेंबरातच लागू झालं, त्याला तयारी लागली नाही. ते कलम माहिती अधिकार कायद्यात हात घालतं. ८(१)(ञ) या पोटकलमात (मुळाक्षरांच्या तक्त्याबाहेर ‘ञ’ला पहिल्यांदाच एवढं मोठं काम मिळालंय) आधी असं होतं की एखाद्याची वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नसेल किंवा खासगीपणात नाहक ढवळाढवळ होत असेल तरच अडवता येईल, आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही. आता तो सगळा मजकूर गेला. वैयक्तिक माहिती आहे, बस, एवढं कारण पुरेसं. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याचं ८(२) कायम आहे, असं सरकार सांगतं, आणि ते कायम आहेही. फक्त जनहित कुठे आहे हे आधी त्याच साहेबानं ठरवायचं, ज्याच्या टेबलावर ती फाईल आहे. अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनांनंतर केंद्राच्याही आधी, २००२ मध्ये, माहितीचा अधिकार देणाऱ्या महाराष्ट्रात आता गोपनीयतेला अखेर कुणीतरी गंभीरपणे घेतलं. नागरिकाच्या आधी फाईलीला गोपनीयता मिळाली, इतकंच.

काकांना हे पटेना. त्यांनी प्रयोग म्हणून अर्ज ठोकला. आमच्या एका चौकात खांबावर कॅमेरा आहे, तो बरेच महिने मान टाकून जमिनीकडे बघतोय. काकांनी दहा रुपये भरून विचारलं: हा कॅमेरा लावायचं काम कुणाला दिलं, किती पैसे दिले, देखभाल कुणाकडे? कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण ती कार्यालयाची वैयक्तिक माहिती ठरायची. तीस दिवस भरत आले तेव्हा उत्तर मिळालं. काकांनी ते ठेल्यावर खड्या आवाजात वाचलं. मागितलेली माहिती व्यक्तिगत स्वरूपाची असल्यानं देता येत नाही.

‘कोनाची व्यक्तिगत?’ भाऊ म्हणाले.

‘कॅमेऱ्याची असंल,’ आयटीवाला म्हणाला. ‘थो मान खाली घालून कोनाकडे पाह्यते, थ्याचं थ्याले.’

काका चिडले. आपलं आधार, पॅन, बँक खातं, मीटरचं रीडिंग, सगळं सरकारदरबारी. आणि आपण भरलेल्या करातून बसवलेल्या एका डब्याचा हिशेब मागितला तर कलम. अपील करतो म्हणाले. दिल्लीपर्यंत जातो म्हणाले.

ठेलेवाल्यानं पन्नी घोटता घोटता मान वर केली. ‘काका, दहा रुपये काहून वाया घातले? मले इचारलं असतं. थो ठेका एका मोठ्या मानसाच्या साळ्याले हाये. बिल मार्चमधीच निघालं. कॅमेऱ्याची वायर पावसाच्या आंधीच तुटली, अन् देखभाल करनारा पोट्टा रोज इथूनच खर्रा नेते. आत्ताच गेला.’

सगळे थक्क. काकांनी खिशातून पेन काढलं, उत्तराचा कागद उलटा केला आणि म्हणाले, ‘हे लिहून दे. अपिलाले जोडतो. खाली सही कर.’

ठेलेवाल्याचा हात थांबला. ‘नाई ना काका. माहं नाव कुठी येऊ देऊ नोका. थे वैयक्तिक हाये.’