लुगडी सांभाळा, बाई!

दर्यापुरात सध्या जुनं सुती लुगडं तारेवर वाळत घालायची सोय उरलेली नाही. येणारी-जाणारी थांबते, पदर चिमटीत धरून सूत पाहते आणि तोंड वर करून विचारते, "काकू, हे नेसता का अजून?" नेसतं लुगडं हो! अजून पाणी निथळतंय, तोवर हिच्या मनात त्याचे चौकोन पाडूनही झाले. शिंप्याकडची कात्रणं काल-परवापर्यंत पोतंभर फुकट मिळायची. आता तो ती तागडीत टाकून देतो आणि वर सांगतो, "फुलाफुलाचं वेगळं, साधं वेगळं."

निमित्त काय, तर गोधडी. आमच्या सासवांची वाकय. पाहुणे आले की जी खाटेखाली सरकवायची, ती आता बैठकीत भिंतीवर टांगलेली असते. अंगावर घ्यायला मागून बघा. घरधनीण अशी बघते, जशी तुम्ही तिच्या गळ्यातली पोतच मागितली.

भिशीचं तर बोलूच नका. पूर्वी तिथे सुनांचा विषय निघायचा, डाळीच्या भावाचा निघायचा. आता पोहे यायच्या आत एकजण पिशवी उघडते. "हे पाहा, हा तुकडा यांच्या साखरपुड्याच्या शर्टाचा, हा आमच्या बाईच्या परकराचा." पाठोपाठ कृती. जमिनीवर अस्तराचं लुगडं ताणून अंथरायचं, एका कोपऱ्यावर वरवंटा, उरलेल्यांवर जे जड सापडेल ते. त्यावर विटक्या कपड्यांचे थर, पण शिवणी उसवून आणि जाड काठ फाडून, नाहीतर सुई अडते. सगळ्यात वर लोकांना दाखवायचा थर. मग हातभर लांबीचे कच्चे टाके आणि त्यानंतर कडेपासून धावदोरा. चौकटीच्या आत चौकट करत मध्यावर यायचं. कच्च्या टाक्यांना आळस केला की थर सरकतात आणि मध्यावर पोचेपर्यंत कापडाचा फुगा जमतो. फुगावाली गोधडी भिशीत कधीच पूर्ण उलगडली जात नाही, हे माझं निरीक्षण. "पुढल्या वेळी दाखवते" म्हणतात आणि चहा ओततात.

बरं, हे सगळं कुठे? कपाशीच्या मुलखात. वऱ्हाडचा कापूस एकेकाळी मुंबईमार्गे थेट विलायतेच्या गिरण्यांत जायचा. शकुंतला रेल्वेच्या रुळांवर आमचं बनोसा स्टेशन उभं राहिलं तेही कापसाच्या गाठींपायीच, माणसांच्या हौसेपायी नव्हे. त्या मुलखातले आम्ही, थंडी पडली की पानिपतची पॉलिस्टरची मिंक ब्लँकेटं ओढून घुसमटतो, आणि सुती गोधडी भिंतीवर!

पण खरा कहर ऐकायचाय? काही जणींनी अमरावतीहून कोरं कापड आणलं. मीटरवर पैसे मोजून. घरी आणून त्याचे तुकडे केले, आणि ते तुकडे जोडत बसल्या! माझ्या आत्याबाईंना हे सांगितलं तर त्यांच्या हातातली वात तशीच राहिली. म्हणाल्या, "अवं माय, फाटू त द्याचं होतं!"

एका निवृत्त गुरुजींना हे अगदीच असह्य झालं. चारचौघींत म्हणाले, गाडगेबाबांची ही भूमी. शेजारच्याच अंजनगाव तालुक्यातलं शेंडगाव, तिथे 1876 साली जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्या-ठिगळं घेऊन गावोगाव हिंडला, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे. आणि तुम्ही ठिगळांची मिरवणूक काढता? गुरुजींच्या पत्नी आतून गोधडी टाचता टाचता बोलल्या, "बाबांच्या हातात खराटा बी होता. तो तुम्ही कधी घेतला?" त्यावर गुरुजी देवळाकडे निघून गेले, असं कळतं.

आता याला आधार म्हणून बाहेरचे दाखले काढले जातात. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून वस्ती आहे. तीही कपाशीचीच. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या विटलेल्या पँटींच्या गोधड्या शिवल्या, थंडीपायी. 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, 2006 साली पोस्टाच्या तिकिटांवर छापल्या. तिकिटावर गोधडी! आपल्या मुंबईच्या गीता खंडेलवालांनी महाराष्ट्राच्या गोधड्यांवर जाडजूड इंग्रजी पुस्तक केलं, तेही फ्रान्सच्या प्रकाशकानं काढलं. आपल्या खाटेखालचं फ्रान्सला कसं कळलं, देव जाणे.

शिवाय कोणीतरी कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदीचे फोटो आणले. त्या चारी कोपऱ्यांवर घडीच्या चिंध्यांची फुलं बसवतात. फुलं नसली तर गोधडी त्यांना उघडी-नागडी वाटते. झालं! आठवड्याभरात आमच्याकडची नागडी गोधडी दिसेना. कोपरा दिसला की फूल. एकीनं तर पायपुसण्याला लावलं.

धुवायच्या कशा, हे मात्र कोणी विचारत नाही. हा खारपाण पट्टा. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि ओली गोधडी दोघींना उचलत नाही. आमच्या सासवा गावच्या चंद्रभागेवर नेऊन आपटायच्या. या भिंतीवरच्या बहुधा न धुताच वारसाहक्काने जातील.

सगळ्यात विखारी भांडण पुढेच आहे: हाताची की मशीनची. हातवाल्या मशीनवालीला गोधडीवाली मानतच नाहीत, "गादीच्या खोळा शिवते" म्हणतात. त्यामुळे कोणाच्याही घरी गेलं की आधी कोपरा उलटून मागचा टाका पाहायचा, मग नमस्कार. परवा एका लग्नात रुखवतावर शेवया-कुरडयांच्या मधोमध बाळाचं दुपटं मांडलेलं. बाळाचं! अजून अक्षता पडायच्या होत्या. पण त्याचं कोणाला काही नाही. वरमाय पुढे झाली, दुपट्याचा काठ उलटला आणि हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाली, "मशीनचं आहे."

लग्न लागलं म्हणा. पण नवरीची मावशी अजून गावभर सांगत फिरते, की मशीनवर नुसती मगजी मारली, आतला टाका न् टाका हातचा. मी अजून कोणाचीच बाजू घेतलेली नाही. रविवारी चहाला बोलावलंय त्यांनी, चष्मा घेऊन जाणार आहे.