पुढे गाइड, मागे व्हॅन

रविवारी सकाळी राजमाची पॉइंटवर दोन प्रकारची माकडं जमतात, असं तिथली टपरीवाली मावशी म्हणते. एक कठड्यावर बसणारी, दुसरी मोटारसायकलवर. पहिली वडापाव पळवतात आणि दुसरी पुन्हा विकत घेतात, त्यामुळे तिची कुणाबद्दलच तक्रार नाही.

आमचे भाऊ दुसऱ्या जातीचे. वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त, खंडाळ्यात वडिलोपार्जित बंगली. दोन वर्षांपूर्वी ते चौदा दिवसांची आफ्रिकेची मोटारसायकल सफर करून आले. तेव्हापासून त्यांच्या घरात काळ मोजायची रीतच बदलली. गिझर 'आफ्रिकेच्या आधी' बिघडला होता, गच्ची 'आफ्रिकेनंतर' गळायला लागली. वहिनीसुद्धा आता असंच बोलतात. मात्र त्यांच्या तोंडी 'आफ्रिका' हा शब्द खर्चाच्या नोंदीसारखा येतो.

भाऊ बाजारात कोथिंबीर आणायला निघाले तरी नी-गार्ड लावून निघतात. बूट असे की जिन्यावर ऐकू आले तर पोलीस आले असं वाटावं. जॅकेटला अकरा खिसे. पासपोर्टसाठी शिवलेल्या खिशात हल्ली आल्याचा तुकडा आणि हिरव्या मिरच्या असतात.

पुण्या-मुंबईची पोरं 'ब्रेकफास्ट राइड'ला आली की भाऊंची कथा सुरू होते. सुरुवात ठरलेली : "नामिबियात..."

"चित्ते आले तो?" कुणीतरी विचारतंच.

तोच. २०२२ च्या सप्टेंबरात तिकडून आठ चित्ते विमानानं कुनोला आले, पुढे भाऊ विमानानं तिकडे गेले. फिट्टंफाट.

मग खडीचे रस्ते येतात. क्षितिजापर्यंत सरळ, आणि वरून सिमेंटच्या पत्र्यासारखे नालीदार. चाळीसच्या वेगानं गेलं तर दात निखळतील, सत्तरनं गेलं तर गाडी वरच्यावर तरंगते, हे भाऊंचं शास्त्र. गाडी बीएमडब्ल्यूची, बाराशे सीसीची, भाड्याची. तिच्यावर बसल्यावर भाऊंचा एकच पाय जमिनीला टेकायचा, हे मला वहिनींकडून कळलं. नामिबच्या वाळवंटात सॉलिटेअर नावाचं ठिकाण आहे : एक पेट्रोल पंप, वाळूत गंजत पडलेल्या जुन्या मोटारी आणि प्रसिद्ध ॲपल पाय. भाऊ पेट्रोलला एक वाक्य देतात, पायला चार.

पण भाऊंचा खरा जीव रस्त्यात नाही आणि पायमध्येही नाही. तो व्यवस्थेत आहे. पुढे 'लीड', म्हणजे गाइड. सगळ्यांत मागे 'स्वीप', म्हणजे मागे पडलेल्यांना गोळा करत येणारा. त्याच्याही मागे बॅकअप व्हॅन. सामान व्हॅनमध्ये, पाणी व्हॅनमध्ये, जादा मोटारसायकल व्हॅनच्या ट्रेलरवर, आणि स्वार थकला तर तोही व्हॅनमध्ये. रोज संध्याकाळी ब्रीफिंग : उद्या वाळू कुठे लागेल, पेट्रोल कुठे मिळेल, जनावरं कुठून आडवी येतील. भाऊंना धाडसाची मनापासून आवड आहे. फक्त कुणीतरी आधी जाऊन ते बघून आलेलं असावं.

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी वहिनींना विचारलं, "उद्याचं काय ब्रीफिंग?"

"उद्या गॅसवाला येणारे आणि पाऊस," वहिनी म्हणाल्या.

कथेत एक जागा मात्र अवघड आहे. कुणी चुणचुणीत पोरगा विचारतो, "भाऊ, सिंह मोटारसायकलवरून बघितला?" भाऊ हेल्मेटची काच पुसायला घेतात. कारण नामिबियातलं एटोशा काय किंवा बोत्सवानातलं चोबे काय, सफारीच्या वाटांवर मोटारसायकलला मज्जाव. गाडी बाहेर ठेवायची आणि उघड्या जीपमध्ये बसायचं, चार पर्यटकांसारखं. खंडाळ्याच्या बोगद्यात आगगाडी शिरावी तसं भाऊंचं वाक्य इथे काळोखात शिरतं आणि पलीकडच्या तोंडातून थेट सिंह बाहेर पडतो. जीप मध्येच कुठेतरी राहून जाते.

यावर उतारा म्हणून ते एक्सप्रेसवेवर घसरतात. "हत्तींच्या रस्त्यावर दुचाकी चालते, आणि आपल्या एक्सप्रेसवेवर चालत नाही!" सफारीच्या वाटेवर काय किंवा एक्सप्रेसवेवर काय, दुचाकीला मज्जावाचं कारण एकच आहे, हे मी एकदा सांगून पाहिलं. त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला फक्त 'आपण' म्हटलं.

तर मुंबईहून येणाऱ्या दुचाकीवाल्यांना खोपोलीवरून जुना घाटच चढावा लागतो आणि वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले नाणं टाकून पुढे जातात. भाऊ गाडी लावून, हेल्मेट काढून, वाकून नमस्कार करतात. आख्यायिका अशी की घाटाची वाट इंग्रजांना सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावली, तिच्या पोटात ही गोष्ट आहे. "हा आपला पहिला लीड," भाऊ पोरांना गंभीरपणे सांगतात. आणि या कथेचं त्यांनी काढलेलं तात्पर्य एवढंच, की गाइडची टिप थकवू नये.

गाइडशिवाय हिंडणाऱ्यांबद्दल त्यांना आदर आहे, पण अपघात विभागात असावा तसा. योगेश आळेकरी हा आपला मराठी गडी २०२५ साली एकटा मुंबईहून निघाला, सतरा देश ओलांडून इंग्लंडात पोचला आणि नॉटिंगहॅममध्ये त्याची मोटारसायकलच चोरीला गेली. सगळा महाराष्ट्र हळहळला. भाऊंनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "स्वीप नव्हता ना बरोबर."

गेल्या ऑक्टोबरात ते तुंगार्लीवरून राजमाची किल्ल्याकडे निघाले. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, दगडधोंडे, ओढे, चिखल. मला माझ्या ॲक्टिव्हासकट 'स्वीप' नेमलं. वहिनींनी मारुती घेऊन मागून यावं, असा बेत होता. "मी व्हॅन नाही," म्हणून त्यांनी पोळीभाजीचा डबा दिला आणि दार लावून घेतलं. तिसऱ्या ओढ्यात भाऊंची मोटारसायकल, हिमालयन, आडवी झाली, भाऊ तिच्याखाली, आणि मी स्वीप म्हणून काठावरून ओरडत होतो. तेवढ्यात किल्ल्याखालच्या उधेवाडीचा एक पोरगा स्प्लेंडरवरून आला. टाकीवर तांदळाचं पोतं, मागे बायको, तिच्या मांडीवर मूल, पायात स्लिपर. त्यानं गाडी उतारावर दगडाला टेकवली, हिमालयन उचलून दिली.

"घसरलं व्हय काका?"

मला वाटलं, आता भाऊ शरमतील. छे! त्यांचा चेहरा उजळला. लीड सापडला होता. तिथेच चिखलात उभं राहून त्यांनी ब्रीफिंग मागितलं, "पुढे रस्ता कसा आहे?"

"असाच हाय," म्हणून तो निघाला. त्याच्यामागे भाऊ, भाऊंच्या मागे मी. दिवसभर भाऊंना काही झालं नाही.

एक गोष्ट ते रविवारी सांगत नाहीत. श्रावणातली दुपार होती, दरीतून धुकं वर आलेलं, समोरचा नागफणीचा सुळका दिसेना, टपरीवर आम्ही दोघंच, तेव्हा त्यांनी ती मला सांगितली. बोत्सवानात नाटा ते कासाने असा सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता आहे. ट्रक-मोटारींची साधी वहिवाट, दोन्ही बाजूंना हत्तींचा मुलूख. तिथे लीडनं हात वर केला आणि सगळे थांबले. कळप रस्ता ओलांडत होता. इंजिन बंद करायचं नाही, हॉर्न नाही, हलायचं नाही, हे आदल्या संध्याकाळी सांगितलेलं. पिल्लाजवळची हत्तीण वळली आणि तिनं कान उघडले.

"माझा क्लच दाबलेला, पहिला गिअर पडलेला," भाऊ म्हणाले. "डावा हात असा कापत होता! सुटला असता तर गाडी थेट तिच्या पायाशी."

"व्हॅन?" मी विचारलं.

"मागे. पण वळून बघणार कोण? लीडची पाठ दिसत होती फक्त. ती पण कापत होती."

मावशीनं न मागता दोन चहा पुढे केले. भाऊंनी हातमोजे काढले नव्हते.

परवाच्या रविवारी मात्र कथेत हत्तीण आली होती, पण वेगळी. तिच्यासमोर भाऊ शांत होते आणि लीड त्यांच्याकडे बघून धीर घेत होता. पंधरा-वीस पोरं भोवती. हत्तिणीचे कान दाखवायला भाऊंनी दोन्ही हात पसरले. उजव्या हातात वडापाव होता. कठड्यावरून एक माकड उतरलं, त्यानं तो सावकाश काढून घेतला आणि भाऊंसमोरच बसून खाल्ला. भाऊ हलले नाहीत, ओरडले नाहीत. शिकवलेलं अगदी तसंच.

मावशीनं दुसरा वडापाव दिला आणि वहीत दोन मांडले.