नानांची माळ आणि माशाचं तेल

आमच्याकडं तेलावरून भांडण व्हायचं ते घाण्याचं करडईचं आणायचं की पिशवीतलं सोयाबीनचं, एवढ्यावरच. माशालाही तेल असतं आणि ते माणसं पैसे मोजून गिळतात, ही बातमी आमच्या कडा गावात, आमच्या घरी जरा उशिरानं पोचली. माझा रक्ताचा रिपोर्ट ती घेऊन आला. ट्रायग्लिसराईड वाढलेलं. नगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "मासे खाता का?" कड्याच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे कोळ्याला "हुरडा कधी खाता" विचारण्यातला प्रकार. आमच्या आष्टी तालुक्यात मेहकरी, कडा, कडी असे तलाव आहेत. पाऊस झाला तर त्यांत रोहू-कटला मिळतो, नाही झाला तर पोरांना क्रिकेटला मैदान मिळतं. शिवाय डॉक्टरांना हवं असलेलं ओमेगा थ्री रोहूपेक्षा बांगड्यात आणि तारलीत जास्त. म्हणजे समुद्र आलाच.

पुण्याहून भाचा आला तो दोन डब्या घेऊनच. एकीत माशाच्या तेलाच्या गोळ्या, दुसरीत जवसाच्या. "मामा, तुम्ही ठरवा." पण आमच्या घरात ठरवतात नाना, माझे थोरले चुलते. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला वारी, आणि शेजारी अंडं उकडलं तर इकडं खिडकी लावणारं नाक.

"हे काय आणलंस?"

"तेल आहे नाना. हृदयासाठी."

"कशाचं?"

भाचा गप्प. नानांनी डबी हुंगली आणि मुकाट्यानं अंगणात तुळशीपासून लांब नेऊन ठेवली.

आता या दोन तेलांचा पूर्वेतिहास सांगतो, कारण जाहिरातीत तो नसतो. जवसाचं तेल हवेनं सुकून घट्ट होतं, म्हणून रंगारी ते लाकडाला चोपडतात, आणि बॅट फुटू नये म्हणून क्रिकेटवालेही तिला तेच पाजतात. तारलीचं तेल कोकणात होड्यांना फासत. दोन्ही तेलं आधी सुताराकडं होती, तिथून केमिस्टकडं आली. माझं हृदय लाकडी असतं तर एवढा विचार करावाच लागला नसता.

माशाच्या तेलाची कीर्ती सुरू झाली ग्रीनलँडपासून. 1970 च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त तपासलं. सील आणि देवमासा खाणारी ही माणसं, तरी हृदयविकार कमी, असं त्यांनी मांडलं. पुढं त्या मांडणीवरच शंका घेतल्या गेल्या, पण तोवर गोळ्या बाजारात आल्या होत्या. गोळ्यांची डबी मी चष्मा लावून वाचली. वर ठळक अक्षरात 1000 मिलिग्रॅम, मागं बारीक अक्षरात ईपीए 180 आणि डीएचए 120. कामाचा ऐवज, म्हणजे ओमेगा थ्री, तीनशे, बाकीचं नुसतं तेल.

जवसाचं दुखणं निराळं. त्याच्या तेलात अर्ध्याहून जास्त ओमेगा थ्रीच, पण ते एएलए नावाचं. त्याचं ईपीए आणि मग डीएचए शरीराला करून घ्यावं लागतं, आणि हे काम आमच्या नगर-परळी रेल्वेसारखं चालतं: मंजुरी 1995 ची, नगर-आष्टी गाडी कड्यावरून धावली 23 सप्टेंबर 2022 ला. एएलए भरपूर निघतं, ईपीएपर्यंत थोडंसंच पोचतं आणि डीएचएच्या स्टेशनात जवळजवळ कुणीच उतरत नाही. तरुण बायकांच्या शरीरात हे काम पुरुषांपेक्षा बरं होतं, असंही भाच्यानं वाचून दाखवलं. ही भाकरी थापता थापता म्हणाली, "घरातलं कुठलं काम आमच्याकडून बरं होत नाही?"

एकूण सरळ हिशोब केला तर माशाचं तेल पुढं. पण पुढं म्हणजे किती? अमेरिकेत 25,871 माणसांवर पाचेक वर्षं एक प्रयोग झाला, व्हायटल नावाचा, 2018 ला निकाल लागला. रोज एक ग्रॅम माशाचं तेल घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या धडधाकट माणसांत हार्ट अटॅक, पक्षाघात नि हृदयविकारानं होणारे मृत्यू एकत्र धरले तर म्हणण्यासारखा फरक नाही. ट्रायग्लिसराईड फार वाढलं तर डॉक्टर मोठा डोस देतात, ती गोष्ट वेगळी. आणि माशाच्या गोळीनंतर येणारा ढेकर प्रयोगात मोजला की नाही ठाऊक नाही, आमच्या ओसरीवर नानांनी तो नक्कीच मोजला असता.

तेव्हा जवसाला पसंती मिळाली. पण त्याचे नियम निघाले: उजेडात ठेवायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं, तापवायचं तर मुळीच नाही. "फोडणीला चालत नाही त्याला तेल कशाला म्हणायचं?" असं आत्या म्हणाली. म्हणून गोळीच बरी, असं ठरत होतं, इतक्यात नानांनी डबी उलटी केली. तिच्यावर तपकिरी त्रिकोण. तेल जवसाचं, पण वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचं. तीही डबी अंगणात गेली, पहिलीच्या शेजारी.

जवसाची चटणी मात्र घरात कायमच होती. पूर्वी रब्बीच्या ज्वारीत जवसाच्या ओळी असायच्या, निळ्या फुलांच्या. आता कांद्यानं रान व्यापलं आणि जवस दुकानातनं येतं. आत्या मंद आचेवर भाजते, दाणे उड्या मारतात म्हणून एका हातात झाकण. मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात. कुटायचंच, कारण अख्खा दाणा जसा आत जातो तसाच बाहेर येतो. ज्वारीची भाकरी, चटणी, वर घाण्याच्या तेलाची धार. यानं माझं ट्रायग्लिसराईड उतरेल असं मी म्हणत नाही. उलट एका भाकरीच्या जागी दोन जातात.

भाच्यानं शेवटचा डाव टाकला. "नाना, शेवाळाचं तेल मिळतं. माशाला तरी डीएचए कुठून येतं? समुद्रातल्या बारीक शेवाळातनंच. वनस्पतीसारखंच, माळेला चालतं."

नाना विचारात पडले. मग म्हशीच्या हौदाकडं बोट करून म्हणाले, "त्या कडंला हिरवं धरलंय बघ. खरडून काढ अन् मामाला दे."

"नाना, ते वेगळं शेवाळ."

"आरं, शेवाळ कसलं बी असू दे. हौदातलं पाणी टँकरचं हाय, इकत आणलंय. तुझ्या डबीपरीस महाग पडलंय ते."